परभाषेचा उंबरठा

बंगळूरच्या जुन्या शहरात चिकपेटेचा मान मोठा आहे. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेट आणि चिकपेट जेथे एकमेकींना छेदतात त्या चौकातून चार दिशांना चार नांगर धरले गेले आणि त्या तासांवरून शहराचे रस्ते आखले गेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळापासून मराठी भाषा या पेठेला परकी राहिली नाही. आजही चिकपेटेतला कापडाचा व्यापारी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू अथवा मराठी बोलू लागतो. त्याने यांतील कोणत्याच भाषेचे व्याकरण पाठ केलेले नसते. परंतु कोणत्या वेळी कोणता शब्द चालतो आणि कोणता चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

भाषा शिकण्याचे हे दोन मार्ग होत. एक ग्रंथाचा, दुसरा पेठेचा. दोन्ही मार्ग चालून गेलेला एक पोलिश गृहस्थ याच बंगळूर शहरात काही वर्षे राहून गेला, आणि त्याने पुढे मराठी वाणीवर जे उपकार केले त्यांची आठवण ठेवणे उचित ठरेल. परंतु त्याची योग्यता कळण्यासाठी पोलिश मनुष्यासमोर इंग्रजी भाषा कोणत्या अडचणी उभ्या करते, हे आधी पाहिले पाहिजे.

पोलिश ही स्लाव कुळातील भाषा. तिच्यात नामाला सात विभक्ती आहेत. क्रिया पुरी झाली की चालू आहे, हे तेथे क्रियापदाच्या रूपावरूनच समजते. मात्र इंग्रजीतील ‘ए’ आणि ‘द’ या चिमुकल्या शब्दांना तिच्यात जागाच नाही. मराठीतही ती नाही. म्हणून या दोन शब्दांपाशी वॉर्सॉचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी सारखेच अडखळतात. दुसरी अडचण क्रियापदांची. संस्कृतात एका ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार आणि संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. पोलिश भाषेची रीतही अशीच, उपसर्ग आधी आणि धातू मागाहून. इंग्रजीने ही शेपटी पुष्कळदा मागे लावली आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे; पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. येथे तर्काचा फारसा उपयोग नसतो. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे ओळखीची करून घ्यावी लागते.

याहून फसवे असतात ते दिसायला ओळखीचे शब्द. पोलिश ‘आक्तुआल्नी’ हा शब्द इंग्रजी ‘ॲक्च्युअल’चा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचा अर्थ ‘खरा’ असा नसून ‘सध्याचा’ असा आहे. मराठी मनुष्याला हिंदी बोलताना हा अनुभव येतोच. मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत गेली की तिचे शिक्षण होते.

वाक्प्रचारांचा प्रांत तर सर्वांत अवघड आणि सर्वांत रम्य. सोप्या कामाला पोलिश मनुष्य ‘लोणी लावलेला पाव’ म्हणतो, इंग्रज त्याला ‘केकचा तुकडा’ म्हणतो आणि मराठी मनुष्य ‘हातचा मळ’ म्हणतो. वस्तू न पाहता खरेदी करणाऱ्याला पोलिश भाषा ‘पोत्यातले मांजर’ विकत घ्यायला लावते. इंग्रजीच्या पोत्यात डुक्कर असते. आणि मराठीत पाण्यात म्हैस अन् वर मोल चाललेले असते. ऐकणाऱ्याने लक्ष दिले नाही, तर पोलिश मनुष्य भिंतीवर वाटाणे फेकतो आणि मराठी मनुष्य पालथ्या घड्यावर पाणी ओततो. अनुभव एकच, पण प्रत्येक समाजाने त्याला आपल्या स्वयंपाकघरातून, गोठ्यातून आणि पाणवठ्यावरून वस्त्रे आणून नेसविली आहेत. म्हणून वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर होत नाही. तो समाज काय खातो, काय पाळतो आणि कशाला हसतो हे कळल्यावाचून त्याचे वाक्प्रचार तोंडात बसत नाहीत.

ही तपश्चर्या फळाला येते याचा जगाला माहीत असलेला दाखला म्हणजे जोसेफ कॉनरॅड. १८५७ मध्ये पोलिश कुटुंबात जन्मलेला हा मुलगा प्रथम फ्रेंच शिकला, वयाच्या विशीत खलाशांच्या संगतीने इंग्रजी शिकला आणि १८९५ मध्ये त्याची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच्या उच्चारांतील परकेपणा अखेरपर्यंत गेला नाही. पण त्याच्या लेखणीला इंग्रजी साहित्याने मानाचे पान वाढले. त्याची शाळा होती जहाजाची डेक.

बंगळूरच्या त्या पोलिश गृहस्थाची शाळा होती कारखाना. त्यांचे नाव मॉरिस फ्रिडमन. वॉर्सॉच्या एका गरीब ज्यू कुटुंबातून ते आले. त्यांच्या बालपणी त्या शहरावर रशियाच्या झारचा अंमल होता. म्हणजे घरची भाषा वेगळी आणि दरबारची वेगळी, हा पाठ त्यांना लहानपणीच मिळाला. विद्युतयंत्रज्ञ होऊन ते फ्रान्समध्ये काम करीत होते. १९२६ ते १९४१ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांचे गुण हेरले, आणि १९३० नंतरच्या दशकात बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. चिकपेटेच्या दक्षिणेकडील बाजाराच्या परिसरात ५ ऑगस्ट १९०५ रोजी शिवसमुद्रमच्या विजेवर रस्त्यावरचे पहिले दिवे लागले होते. त्या विजेची यंत्रसामग्री आता संस्थानातच घडवावयाची होती.

परंतु फ्रिडमन यांची जिज्ञासा यंत्रांपाशी थांबणारी नव्हती. ते रमण महर्षींकडे जाऊ लागले. स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ‘भारतानंद’ हे नाव धारण केले. गांधीजींच्या सहवासात त्यांनी सूतकताईच्या साधनांवर बुद्धी चालविली. धनुष तकलीची रचना त्यांचीच. पुढे ते महाराष्ट्रात आले. औंध हे अवघ्या बहात्तर गावांचे संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. गांधीजींच्या सल्ल्याने आणि फ्रिडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या परिश्रमाने जी राज्यघटना सिद्ध झाली, ती जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. तिचा पाया होता ग्रामपंचायत. आटपाडीजवळील ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहतही याच प्रयोगातून निघाली. जो देश शतकाहून अधिक काळ परक्यांच्या सत्तेखाली विभागला गेला होता, त्या देशाच्या पुत्राने माणदेशच्या खेड्यांत ‘स्वराज्य’ या शब्दाचा अर्थ समजावून घ्यावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

याच सुमारास पोलंडवर दुसऱ्या महायुद्धाचा घाला पडला. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला. तेथे त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. मुले घरात पोलिश बोलत, बाजारात मराठी शब्द वेचीत आणि वर्गात इंग्रजी गिरवीत. त्यांच्यापैकी पुष्कळांना मायदेशी परतता आले नाही. इंग्लंडसारख्या परक्या देशात त्यांना नवे घर मांडावे लागले. त्यांच्या दृष्टीने इंग्रजी म्हणजे केवळ परीक्षेचा विषय नव्हता. ती उद्याची भाकरी होती.

फ्रिडमन यांच्या भाषासाधनेची परमावधी दिसते ती मुंबईत. गिरगावच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालविणारे एक सत्पुरुष, निसर्गदत्त महाराज, आपल्या माळ्यावरच्या खोलीत जिज्ञासूंशी मराठीत बोलत. ती संभाषणे ध्वनिमुद्रित झाली, आणि फ्रिडमन यांनी ती मराठीतून इंग्रजीत आणली. हे काम किती नाजूक होते, ते ‘जाणीव’ या एका शब्दावरून ध्यानात येईल. मराठीत हा शब्द घरगुती आहे आणि गहनही. इंग्रजीत मात्र ‘अवेअरनेस’ आणि ‘कॉन्शसनेस’ असे दोन शब्द समोर उभे राहतात, आणि त्यांतील भेदावर या संवादांचा पुष्कळसा अर्थ अवलंबून आहे. दोन्ही भाषा परक्या असलेल्या मनुष्याने येथे निवड करावयाची होती. १९७३ मध्ये मुंबईच्या ‘चेतना’ प्रकाशनाने हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मराठीचा एक अक्षरही न जाणणारे लोक देशोदेशीहून खेतवाडीची वाट विचारीत येऊ लागले. ९ मार्च १९७६ रोजी फ्रिडमन यांनी मुंबईतच देह ठेवला.

त्या ग्रंथाचे नाव आहे ‘आय ॲम दॅट’. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात येणारे हे तीन शब्द. त्यांत अवघड वाक्प्रचार नाही, शब्दकोशात शोधावा असा बोजड शब्द नाही. वाक्प्रचारांचे भांडार अवश्य साठवावे. त्यावाचून परभाषेच्या अंगणात पाऊल पडत नाही. परंतु त्या भांडारातले काय बाहेर काढावे आणि काय आतच ठेवावे, हा विवेक ज्याला आला, तोच परभाषेचा उंबरठा ओलांडून माजघरात पोहोचला, असे म्हणावे लागेल. चिकपेटेतला तो कापडाचा व्यापारी रोज हेच करीत असतो. गिऱ्हाईक समोर बसले म्हणजे तो साऱ्या दुकानातले कापड उलगडीत नाही. जे शोभेल तेवढेच ठाण खाली काढतो.