बॉर्क नियुक्तिविवाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयावर रॉबर्ट हेरन बॉर्क (१ मार्च १९२७–१९ डिसेंबर २०१२) या न्यायाधीशाची नेमणूक करण्याच्या राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन याच्या प्रस्तावावरून १९८७ मध्ये उद्‌भवलेला राजकीय व घटनात्मक वाद. जुलै ते ऑक्टोबर असे सुमारे चार महिने चाललेल्या या वादाचा शेवट २३ ऑक्टोबर १९८७ रोजी झाला आणि सीनेटने हा प्रस्ताव ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळला. न्यायाधीशाच्या नेमणुकीसाठी निवडणुकीसारखा देशव्यापी प्रचार होण्याचा प्रघात या वादापासून पडला, असे सामान्यतः मानले जाते.

अमेरिकेच्या संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे नामनिर्देशन राष्ट्राध्यक्ष करतो. मात्र त्यास सीनेटचा सल्ला व संमती लागते. भारतात न्यायाधीशांच्या नेमणुकीत संसदेचा असा सहभाग नाही, त्यामुळे भारतीय वाचकास ही पद्धती काहीशी अपरिचित वाटते. संमती देताना सीनेटने उमेदवाराची केवळ पात्रता व चारित्र्य पाहावे, की त्याची घटनात्मक मतेही तपासावीत, यासंबंधी संविधान मौन पाळते. हे मौन वादाचे मूळ ठरले. संमती नाकारण्याचे प्रसंग जुनेच आहेत. १७९५ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी सुचविलेल्या जॉन रटलेजला सीनेटने नाकारले. १९१६ मध्ये लुई ब्रँडाइसला कडव्या विरोधानंतर ४७ विरुद्ध २२ मतांनी संमती मिळाली, तर १९३० मध्ये जॉन पार्करचे नाव ३९ विरुद्ध ४१ अशा निसटत्या मतांनी पडले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनने सुचविलेले क्लेमंट हेन्झवर्थ (१९६९) व हॅरल्ड कार्झवेल (१९७०) हे दोन दाक्षिणात्य न्यायाधीशही लागोपाठ नाकारले गेले. तथापि या प्रसंगांत आक्षेप बहुधा वर्तनाच्या किंवा कर्तबगारीच्या नावाखाली घेतला जाई. मतांचा विरोध आड राही. बॉर्कच्या बाबतीत हा पडदा उरला नाही. त्याच्या विद्वत्तेविषयी त्याच्या विरोधकांनाही शंका नव्हती. झगडा उघडपणे त्याच्या मतांशी होता.

न्यायमूर्ती लुइस पॉवेल याने २६ जून १९८७ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या जागेचे महत्त्व सर्वांच्याच ध्यानी आले. नऊ न्यायाधीशांचे न्यायालय अनेक नाजूक प्रश्नांवर चार विरुद्ध चार असे दुभंगलेले असे आणि पॉवेलचे मत ज्या बाजूस पडे ती बाजू जिंके. विद्यापीठ-प्रवेशातील वांशिक अग्रक्रमासंबंधीच्या १९७८ च्या बाकी खटल्यात असेच घडले होते. गर्भपाताच्या हक्काला मान्यता देणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड या निर्णयाच्या बाजूनेही तो होता. त्याच्या जागी ठाम पुराणमतवादी न्यायाधीश आला तर हे निर्णय टिकतील काय, असा प्रश्न उभा राहिला. आदल्या वर्षी विल्यम रेंक्विस्टची सरन्यायाधीशपदी बढती आणि अँटोनिन स्कालियाची नेमणूक रेगनने करून घेतली होती. पैकी स्कालियाला एकही विरोधी मत पडले नव्हते. पण त्या वेळी सीनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते. नोव्हेंबर १९८६ च्या निवडणुकीत ते गेले आणि न्यायसमितीचे अध्यक्षपद डेमॉक्रॅटिक पक्षाच्या जोसेफ बायडेनकडे आले.

बॉर्क हा पिट्सबर्ग येथे जन्मलेला, येल विद्यापीठात विधीचे अध्यापन केलेला पंडित. मक्तेदारीविरोधी कायद्यांवरील त्याचा १९७८ मधील ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. १९७३ ते १९७७ या काळात तो केंद्र शासनाचा महान्यायअभिकर्ता होता. त्या पदावर असतानाच २० ऑक्टोबर १९७३ चा प्रसंग घडला. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणारा विशेष अभियोक्ता आर्चिबॉल्ड कॉक्स यास काढून टाकण्याचा आदेश निक्सनने दिला. महान्यायवादी एलियट रिचर्ड्‌सनने तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला, त्याच्या हाताखालील विल्यम रकल्सहाउसनेही नकार दिला आणि अधिकारश्रेणीत तिसरा असलेल्या बॉर्कने तो अंमलात आणला. १९८२ पासून तो राजधानी वॉशिंग्टन येथील केंद्रीय अपील न्यायालयात न्यायाधीश होता. तेथे त्याने लिहिलेला एकही बहुमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फिरविला नव्हता, हे त्याचे समर्थक आवर्जून सांगत.

त्याची घटनात्मक भूमिका ‘मूळ हेतू’ या नावाने ओळखली जाते. संविधान रचणाऱ्यांचा जो हेतू, तोच न्यायाधीशाने लागू करावा. शब्दांत नसलेले हक्क त्याने स्वतः निर्माण केल्यास तो न्यायाधीश न राहता अनिर्वाचित विधिकर्ता बनतो, असे तो प्रतिपादी. लोकशाहीच्या दृष्टीने या विचारात बळ आहे, हे मान्य करावे लागते. परंतु त्याचे उपयोजन बॉर्कने ज्या धारेने केले, ती अनेकांना बोचली. विवाहित जोडप्यांना संततिनियमनाची साधने वापरण्यास मनाई करणारा कनेक्टिकट राज्याचा कायदा १९६५ मध्ये ग्रिझवोल्ड खटल्यात रद्द झाला होता. १९७१ मध्ये लिहिलेल्या एका लेखात बॉर्कने हा निर्णय निराधार ठरविला. धूर सोडू पाहणारी वीज कंपनी आणि संततिनियमन करू पाहणारे जोडपे यांच्या मागण्यांत तत्त्वाच्या आधारे भेद करता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण केवळ राजकीय भाषणापुरतेच, असेही त्या लेखात होते. हे मत त्याने पुढे बदलले. १९६३ मध्ये त्याने उपाहारगृहे, दुकाने इत्यादींत वांशिक भेदभावास बंदी घालणाऱ्या प्रस्तावित कायद्यास, तो व्यक्तिस्वातंत्र्यावर आघात करतो म्हणून विरोध केला होता. १९७३ मध्ये ते मतही त्याने मागे घेतले. मतदानासाठी आकारल्या जाणाऱ्या करासंबंधीचा व समान लोकसंख्येच्या मतदारसंघांसंबंधीचा निर्णयही त्याच्या टीकेतून सुटला नव्हता.

१ जुलै १९८७ रोजी रेगनने बॉर्कचे नाव जाहीर केले आणि तासाभराच्या आतच एडवर्ड केनेडी सीनेटमध्ये बोलावयास उभा राहिला. बॉर्कच्या अमेरिकेत स्त्रियांना चोरून गर्भपात करून घ्यावे लागतील, कृष्णवर्णीयांना वेगळ्या पंक्तीत बसावे लागेल, अशा आशयाचे ते भाषण होते. त्यातील काही विधाने अतिशयोक्त होती आणि बॉर्कच्या लेखनावरून ती सिद्ध होत नाहीत. मात्र भाषणाचा हेतू युक्तिवाद करणे हा नव्हताच. संमती ही औपचारिक गोष्ट समजून डेमॉक्रॅटिक सदस्यांनी घाईने बाजू घेऊ नये, त्यांनी थांबावे, एवढाच तो होता आणि तो साध्य झाला. खुद्द बायडेनने आदल्या वर्षी एका मुलाखतीत बॉर्कला आपण पाठिंबा देऊ असे सुचविले होते. आता त्याने विरोध जाहीर केला. सुनावणी सप्टेंबरपर्यंत लांबली आणि मधल्या दोन महिन्यांत नागरी हक्कांच्या, स्त्रियांच्या व कामगारांच्या संघटनांनी मोहीम उभारली. अभिनेता ग्रेगरी पेक याच्या आवाजातील दूरचित्रवाणी-जाहिरात विशेष गाजली. अमेरिकन बार असोसिएशनच्या समितीतील पंधरांपैकी दहा सदस्यांनी बॉर्कला सर्वोत्तम श्रेणी दिली खरी, पण चौघांनी त्यास अपात्र ठरविले आणि विरोधकांना हवे होते ते हाती पडले. याउलट शासनपक्षाने उन्हाळा जवळजवळ वाया घालविला. बॉर्क हा पॉवेलसारखाच मध्यममार्गी आहे असे भासविण्याचे धोरण राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीने स्वीकारले. ज्यांनी त्याची शिफारस केली होती त्या पुराणमतवादी गोटास ते रुचले नाही, आणि विरोधकांना ते खरे वाटले नाही.

न्यायसमितीची सुनावणी १५ सप्टेंबर रोजी सुरू झाली. माजी राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्डने बॉर्कचा परिचय करून दिला. बॉर्कने स्वतः पाच दिवस साक्ष दिली. त्याच्या मागोमाग शंभराहून अधिक साक्षी झाले. निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर त्याच्या बाजूने बोलला, तर टेक्सासची माजी प्रतिनिधी बार्बरा जॉर्डन आणि रिपब्लिकन पक्षाचाच कृष्णवर्णीय वकील विल्यम कोलमन यांनी त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. पूर्वीचे उमेदवार बहुधा मौन किंवा मोघम उत्तरे पसंत करीत. बॉर्क मात्र वर्गात बोलावे तसा सविस्तर बोलला. न्यायाधीश का व्हावयाचे आहे, या ॲलन सिम्प्सन या मित्रपक्षीय सदस्याच्या सोप्या प्रश्नाला त्याने ती बौद्धिक मेजवानी ठरेल अशा अर्थाचे उत्तर दिले. ज्यांच्या जीवनावर निर्णयांचा परिणाम व्हावयाचा ते लोक या उत्तरात कोठे दिसले नाहीत, ही टीका लगेच झाली. सुनावणी चालू असतानाच, २३ सप्टेंबर रोजी, बायडेनला भाषणचौर्याच्या आरोपामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीतून माघार घ्यावी लागली. समितीचे काम मात्र तो चालवीत राहिला.

दोन्ही पक्षांचे कट्टर सदस्य कसे मत देणार हे ठरलेलेच होते; निकाल कुंपणावरच्या मोजक्या सदस्यांच्या हाती होता. समितीत आठ डेमॉक्रॅटिक व सहा रिपब्लिकन सदस्य होते. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियाचा रिपब्लिकन आर्लेन स्पेक्टर, ॲलाबॅमाचा हॉवेल हेफ्लिन व ॲरिझोनाचा डेनिस डीकन्सिनी यांच्याकडे सर्वांचे लक्ष होते. एकेकाळी फिलाडेल्फियाचा जिल्हा अभियोक्ता असलेल्या स्पेक्टरने भाषणस्वातंत्र्य व कायद्याचे समान संरक्षण या विषयांवर बॉर्कची तासन्‌तास उलटतपासणी केली. बॉर्कने आपली जुनी मते सोडून प्रस्थापित निर्णय पाळण्याची तयारी दाखविली. परंतु त्यामुळे पेच सुटण्याऐवजी वाढला. मते खरोखर बदलली असतील तर त्यांत स्थैर्य काय, आणि बदलली नसतील तर कबुलीचा अर्थ काय, असा तो पेच होता. १ ऑक्टोबर रोजी स्पेक्टरने विरोध जाहीर केला. ॲलाबॅमाच्या सर्वोच्च न्यायालयाचा माजी मुख्य न्यायाधीश असलेला हेफ्लिन अखेरच्या दिवसापर्यंत बोलला नाही. शंका असेल तेथे जोखीम घेऊ नये, या विचाराने त्यानेही विरोधात मत दिले. ६ ऑक्टोबर रोजी समितीने नऊ विरुद्ध पाच मतांनी प्रतिकूल शिफारस केली.

सबंध सभागृहात निर्णायक ठरले ते दक्षिणेकडील डेमॉक्रॅटिक सदस्य. शासनपक्षाचे सारे गणित त्यांच्यावर उभे होते; पुराणमतवादी श्वेतवर्णीय मतदारांना भिऊन ते बॉर्कच्या पाठीशी राहतील, असा त्याचा अंदाज होता. १९६५ च्या मतदानहक्क कायद्याने दक्षिणेचे राजकारण किती बदलले होते, हे या अंदाजात धरले गेले नाही. लुइझिॲनाचा जॉन ब्रो, ॲलाबॅमाचा रिचर्ड शेल्बी, जॉर्जियाचा वाइच फाउलर, उत्तर कॅरोलायनाचा टेरी सँडफर्ड हे १९८६ मध्ये निवडून आलेले सदस्य कृष्णवर्णीयांच्या जवळजवळ एकगठ्ठा मतांवर विजयी झाले होते. ते मतदार बॉर्कच्या १९६३ च्या लेखाकडे विसरून जाण्याजोगी जुनी गोष्ट म्हणून पाहावयास तयार नव्हते. शिवाय जनमत-चाचण्यांतून असे दिसले, की दक्षिणेतील श्वेतवर्णीयही बॉर्कविषयी उत्साही नाहीत. वांशिक संघर्षाच्या मिटलेल्या जखमा पुन्हा उघडाव्यात अशी इच्छा त्यांच्यातील अनेकांना नव्हती. लुइझिॲनाचा ज्येष्ठ सदस्य बेनेट जॉन्स्टन याने नव्या सदस्यांना एकत्र ठेवण्यात मोठा वाटा उचलला. एकेकाळी नागरी हक्कांच्या कायद्यांना विरोध करणारा मिसिसिपीचा वयोवृद्ध जॉन स्टेनिस यानेही शेवटी बॉर्कच्या विरुद्ध मत दिले, ही घटना त्या काळच्या स्थित्यंतराची बोलकी खूण होय.

पराभव निश्चित दिसत असतानाही बॉर्कने ९ ऑक्टोबर रोजी माघार घेण्यास नकार दिला आणि सभागृहात रीतसर चर्चा व मतदान व्हावे असा आग्रह धरला. २३ ऑक्टोबरच्या मतदानात चॅफी, पॅकवुड, स्पेक्टर, स्टॅफर्ड, वॉर्नर व वायकर या सहा रिपब्लिकन सदस्यांनी पक्ष सोडून विरोधात मत दिले. डेमॉक्रॅटिक बाजूने ओक्लाहोमाचा डेव्हिड बोरेन व दक्षिण कॅरोलायनाचा अर्नेस्ट हॉलिंग्ज हे दोघेच बॉर्कच्या बाजूस गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराच्या विरुद्ध पडलेली ५८ मते ही तोवरची सर्वांत मोठी संख्या होती.

त्यानंतर रेगनने सुचविलेल्या डग्लस गिन्झबर्गने पूर्वी गांजा ओढल्याची कबुली दिल्यामुळे नऊ दिवसांतच माघार घेतली. अखेर कॅलिफोर्नियाचा अँथनी केनेडी ३ फेब्रुवारी १९८८ रोजी ९७ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. बॉर्कने त्याच वर्षी अपील न्यायालयाचा राजीनामा दिला आणि पुढील आयुष्य लेखनात व व्याख्यानांत घालविले. उमेदवाराची पद्धतशीर बदनामी करून त्यास पाडणे या अर्थी त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद म्हणून रूढ झाले आणि कोशांतही गेले. विरोधकांना हा अर्थ मान्य नाही. बॉर्क पडला तो स्वतःच्या लेखनामुळे, असे ते म्हणतात. विवादाचे एक अनपेक्षित फळ म्हणजे १९८८ चा एक कायदा. सुनावणीच्या काळात वॉशिंग्टनमधील एका साप्ताहिकाने बॉर्कच्या कुटुंबाने भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी छापली. त्या यादीत आक्षेपार्ह काही नव्हते, पण सीनेट सदस्य अस्वस्थ झाले आणि अशा नोंदी उघड करण्यास काँग्रेसने बंदी घातली. संविधानात खाजगीपणाचा सर्वसाधारण हक्क नाही असे मानणाऱ्या न्यायाधीशाच्या निमित्ताने खाजगीपणाचा कायदा व्हावा, हा योग विलक्षण खरा.

पॉवेलची जागा केनेडीकडे गेल्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले. १९९२ मध्ये केसी खटल्यात त्याने रो निर्णयाचा गाभा राखण्यास मत दिले आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता देणारा बहुमताचा निर्णय त्यानेच लिहिला. नेमणुकींच्या वेळची कटुता मात्र ओसरली नाही. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमसला ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती मिळाली. उमेदवारही बॉर्कच्या उदाहरणावरून धडा घेऊन प्रलंबित प्रश्नांवर बोलण्याचे टाळू लागले. केनेडी २०१८ मध्ये निवृत्त झाला आणि ब्रेट कॅव्हनॉ याचे नाव आले. त्यावरील मतदान पुन्हा मोजक्या सदस्यांवर येऊन ठेपले: मेनची रिपब्लिकन सूझन कॉलिन्स व पश्चिम व्हर्जिनियाचा डेमॉक्रॅट जो मॅन्चिन यांनी त्याच्या बाजूने मत दिले, अलास्काची लिसा मर्कॉव्हस्की विरोधात असूनही गैरहजर समर्थकाच्या सोयीसाठी केवळ उपस्थिती नोंदवून राहिली आणि ६ ऑक्टोबर २०१८ रोजी ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक संमत झाली. २४ जून २०२२ रोजी डॉब्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड हा निर्णय रद्द केला, तेव्हा पॉवेलच्या मूळच्या जागेवर बसलेला कॅव्हनॉ बहुमतात होता.