तळटीप : सेवा-करार आणि नोटरीचा शिक्का

१. लेखक बँकेत ज्या कागदावर सही करतो, तो गाडीचा सेवा-करार रद्द करण्याचा अर्ज. अमेरिकेत मोटार घेताना शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर हा करार बहुधा कर्जातच मिसळून गळ्यात मारला जातो. लोक त्याला ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणतात. पण १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात वॉरंटी वेगळी आणि वेगळे पैसे मोजून घेतलेला सेवा-करार वेगळा. तो मुदतीआधी मोडला तर उरलेल्या महिन्यांच्या किंवा मैलांच्या हिशेबाने, सहसा थोडी फी कापून, पैसे परत मिळतात. म्हणून ओडोमीटरचा आकडा महत्त्वाचा, आणि काही कंपन्या तो नोटरीसमोर सही करून मागतात. कर्ज बाकी असेल तर परतावा बहुधा कर्ज देणाऱ्याकडेच जातो. मासिक हप्ता मात्र तेवढाच राहतो, हे अनेकांना फार उशिरा कळते.

‘नोटरी’ म्हटल्यावर मराठी वाचकाला कोर्टाबाहेरचा काळा कोट आठवेल. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली बहुधा अनुभवी वकीलच नोटरी होतो. तिथे बँकेतला कारकूनही चालतो (लुइझियाना हा ठळक अपवाद). न्यूयॉर्कमध्ये साध्या सहीचे २ डॉलर, कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त १५. कॅलिफोर्नियाच्या प्रमाणपत्रावर तर चौकटीत छापलेलेच असते की नोटरीने फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवली आहे, मजकुराचा खरेपणा नव्हे. बाहेर उभ्या गाडीतला आकडा पाहायला तो खुर्चीवरून उठत नाही. – संपा.