बंबातला क्षार आणि तारापूरची वाफ

वाफ आणि वीज यांचा इतिहास सांगावयाचा तर आपल्या ठाणे जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी आली, ती वाफेवर. १९२९ मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेचे वीजघर उभे राहिले. तेथे कोळशाने पाण्याची वाफ होई व त्या वाफेची वीज. पुढे १९६९ मध्ये तारापूरला अणूच्या उष्णतेवर वीज निघू लागली. तो भाग २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेला, पण त्या वेळी तारापूर आपलेच होते. इंधन बदलत गेले, वाफ करण्याचा धंदा तोच राहिला आणि त्याचा जुना वैरीही तोच: नळीच्या भिंतीवर बसणारा थर.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांस हे समजावून सांगावयास नको. आत क्षार बसला की तितक्याच जळणात पाणी उशिरा तापते, कारण क्षारातून उष्णता धातूइतकी सहज जात नाही. आगगाडीच्या एंजिनाची तीच तऱ्हा. ठरलेल्या मुदतीने बॉयलर थंड करून आतून धुवावा लागे; हयगय झाली तर पत्रा तापून फुटण्याचे भय.

तारापूरची पहिली दोन यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याची, प्रत्येकी २१० मेगावॉटची. भट्टीत उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनवर जाई. शिवाय भट्टीतल्याच तप्त पाण्याची उष्णता दुय्यम वाफजनित्रांच्या बारीक नळ्यांमधून दुसऱ्या पाण्याला देऊन आणखी वाफ मिळवीत. या नळ्यांना तडे जाऊन गळती सुरू झाली. अखेर ती वाफजनित्रे अलग करावी लागली आणि १९८० च्या दशकात प्रत्येक यंत्राची क्षमता १६० मेगावॉटवर आली. दोन्ही मिळून १०० मेगावॉट वीज या नळ्यांपायी गेली! इटलीतील गारिल्यानोचे केंद्र तर १९७८ मध्ये अशाच वाफजनित्राच्या बिघाडाने थांबले ते पुन्हा चाललेच नाही. तडा आणि थर या गोष्टी निराळ्या खऱ्या, पण शेजारी आहेत. थराखाली आणि सांध्यांत क्षार साचून दाट होतात आणि धातूला तेथेच कीड लागते.

मग खरवडून का काढीत नाहीत? येथेच बंबाची उपमा संपते. पाण्याबरोबर पोलादाचे सूक्ष्म कण भट्टीत जातात, तेथे त्यांतील कोबाल्ट किरणोत्सारी बनतो आणि पुन्हा नळ्यांत येऊन बसतो. त्याची तीव्रता निम्मी व्हावयास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. तेथे काम करणाऱ्याच्या छातीवर किरणमात्रा मोजणारा बिल्ला असतो. ठरलेली मात्रा भरली की काम अर्धे असले तरी त्याने बाहेर यावयाचे. मेगावॉटचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, बिल्ल्यांचे येत नाहीत, हे आम्हांस खटकते.

म्हणून हा थर हाताऐवजी रसायनाने काढणे हिताचे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनज्ञांनी त्यासाठी अतिसौम्य द्रावणे वापरली. त्यांत लिंबातले सायट्रिक आम्ल असते आणि धातूला धरून ठेवणारे ईडीटीए. बंबाला चिंच लावणाऱ्या आजीबाईंना हे नवल वाटले नसते. सुटलेले धातुकण राळेच्या गाळण्यांत अडकतात, आणि मग ती राळच जपून ठेवावी लागते.

२००५-०६ मध्ये तारापूरलाच ५४० मेगावॉटची दोन देशी यंत्रे आली. त्यांच्या वाफजनित्रांच्या नळ्या अधिक टिकाऊ मिश्रधातूच्या आहेत. तरी अशा वाफजनित्रांच्या तळाशी गाळ साचतोच, आणि यंत्र बंद असताना पाण्याचा जोरदार फवारा मारून तो काढावा लागतो.