ओलीं वस्त्रें, ऊन आणि यंत्र

कपडे धुण्याविषयीं आपल्या ओव्यांतून आणि म्हणींतून पुष्कळ बोललें गेलें आहे. परंतु कपडे वाळविण्याचा इतिहास लिहिण्याची गरज फारशी कोणास भासलेली दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. धुणें हें माणसाचें काम आणि वाळविणें हें सूर्याचें, अशी वांटणी आपल्या देशांत पूर्वापार चालत आली. सूर्यानें आपल्या मजुरीचें बिल कधीं पाठविलें नाहीं, म्हणून त्याच्या कामाची नोंदही कोणी ठेविली नाहीं. पण ही वांटणी वर्षाचे आठ महिनेच चालते. कोल्हापूरकरांस हें निराळें सांगावयास नको. मृग लागला कीं सह्याद्रीकडून ढग येतात, गगनबावड्याच्या बाजूस दिवसेंदिवस पाऊस कोसळतो, आणि शहरांत तो त्या मानानें कमी पडला तरी हवेंत एवढा दमटपणा भरतो कीं, सकाळीं दोरीवर घातलेलें धोतर दुसऱ्या दिवशीं सकाळींही हातास ओलसर लागतें. या अडचणींतून माणसानें कसकसे मार्ग काढले, आणि त्यांतील अगदीं अलीकडचा मार्ग, म्हणजे उष्णतेच्या पंपावर चालणारें कपडे वाळविण्याचें यंत्र, आपल्या घरांस कितपत हितकारक आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्याकडील जुनी तऱ्हा प्रथम पाहूं. वाड्यांतून माजघरांत किंवा सोप्यांत आढ्याखालीं बांबूच्या वलण्या टांगलेल्या असत. नऊवारी लुगडें म्हणजे आठ मीटरांहून अधिक लांबीचें वस्त्र. तें पिळावयास दोघीजणी लागत. एकीनें एक टोंक धरून उजवीकडे पीळ द्यावयाचा, दुसरीनें डावीकडे, आणि मग लांब काठीनें तें वलणीवर चढवावयाचें. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांची निकड त्याहून मोठी. त्यांच्यासाठीं शेगडींत निखारे घालून वर वेताची टोपली पालथी घालीत आणि तिच्यावर दुपटीं पसरीत. ही टोपली म्हणजे आपल्या घरांतील कपडे वाळविण्याचें पहिलें यंत्र, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या यंत्राचे दोषही आपणांस ठाऊक आहेत. कोळसा जळे, खोलींत धूर कोंडे, कापड करपण्याची भीति असे, आणि घरांतील एका बाईस तेथून हलतां येत नसे. ज्या घरांत एवढेंही करावयास सवड नसे, तेथें कुबट वासाचे कपडे अंगावर घालून मुलें शाळेंत जात.

ज्यांस ऐपत होती त्यांचे कपडे परटाकडे जात. पंचगंगेच्या आणि रंकाळ्याच्या कांठीं परटांनीं पिढ्यान् पिढ्या धुणें धुतलें. पावसाळ्यांत परीट कपडे वेळेवर आणीत नाहीं, हें घरोघरचें गाऱ्हाणें असे. परंतु नदीस पूर आला कीं घाटच पाण्याखालीं जातो, आणि धुतलेलें धुणें पसरावयास कोरडी जमीन उरत नाहीं, याचा विचार गाऱ्हाणें करणारे क्वचितच करीत. चार महिने ज्याचा धंदा आभाळाच्या मर्जीवर आहे, त्या माणसाची अडचण आपल्या अडचणीहून मोठी होती. हा मुद्दा पुढें पुन्हां लागणार आहे.

आतां वाळणें म्हणजे काय, तें पाहूं. कपड्यांतील पाण्याची वाफ होऊन ती हवेंत मिसळली म्हणजे कपडा वाळला. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयास जी उष्णता लागते, ती विजेच्या हिशेबानें सुमारें दोन-तृतीयांश युनिट भरते. उन्हांत वाळवा, वाऱ्यावर वाळवा किंवा निखाऱ्यावर वाळवा. ही उष्णता कोठून तरी द्यावीच लागते. आठ किलो कपडे धुवून, यंत्रांत चांगले गरगर फिरवून काढले, तरी त्यांत सुमारें चार लिटर पाणी राहतें. म्हणजे एवढे कपडे वाळविण्यास पावणेतीन युनिटांच्या जवळपास उष्णता पाहिजे. दोरीवरचे कपडे ही उष्णता उन्हांतून व वाऱ्यांतून फुकट घेतात, म्हणून ती आपल्या ध्यानांत येत नाहीं.

ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसास समजावयास गुऱ्हाळासारखें दुसरें उदाहरण नाहीं. चुलवाणांत चिपाडें जळतात, काहिलींत उसाचा रस उकळतो, आणि वर पांढऱ्या वाफेचे लोट उठतात. चिपाडांनीं दिलेल्या उष्णतेचा मोठा भाग त्या वाफेच्या पोटांत बसून आकाशांत निघून जात असतो. ती वाफ कोणी अडविली आणि तिच्या पोटांतील उष्णता परत घेतली, तर इंधन किती वांचेल? हा प्रश्न गेल्या दोनशें वर्षांत पाश्चात्त्य देशांतील विचारी माणसांनीं पुन्हां पुन्हां विचारला, आणि आपल्या यंत्राचा उगम त्याच प्रश्नांत आहे.

फ्रान्समध्यें सादी कार्नो या तरुण इंजिनियरानें १८२४ सालीं उष्णता आणि काम यांच्या संबंधाचें तत्त्व मांडलें. उष्णता स्वभावतः गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, जसें पाणी उंचावरून सखल भागीं जातें. परंतु मोटेनें पाणी वर ओढतां येतें, त्याप्रमाणें शक्ति खर्चून उष्णताही थंड जागेंतून गरम जागीं ओढतां येईल, हें या तत्त्वांतूनच पुढें निघालें. अमेरिकेंत नॉर्बर्ट रिल्यू यानें १८४३ सालीं साखरेसाठीं एक युक्ति पेटंट केली. रस आटविण्याचीं भांडीं एकापुढें एक जोडावयाचीं, आणि पहिल्या भांड्यांतून निघालेल्या वाफेनें दुसऱ्यांतील रस उकळावयाचा. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कसबा बावड्यास साखर कारखाना निघाला; अशा कारखान्यांतून रस आटविण्याची जी रीत रूढ आहे, ती याच तत्त्वावरची. म्हणजे एकाच तालुक्यांत वाफ आकाशांत सोडणारें गुऱ्हाळ आणि तीच वाफ पुन्हां कामास लावणारा कारखाना, हीं दोन्ही आपणांस पाहावयास मिळालीं आहेत.

पुढें १८५२ सालीं विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्ध झाले, त्यांनीं याच उलट्या मार्गानें इमारती उबदार ठेवतां येतील असें दाखविलें. ऑस्ट्रियांत पीटर रिटिंगर या खाण-इंजिनियरानें १८५६ च्या सुमारास एबेनझे येथील मिठागरांत खारें पाणी आटवितांना निघणारी वाफ दाबून अधिक गरम करण्याचा आणि तिच्यानेंच पुन्हां पाणी आटविण्याचा प्रयोग केला. उष्णतेच्या पंपाचा हा पहिला प्रत्यक्ष अवतार मानितात. झुरिक शहराच्या नगरभवनांत १९३८ सालीं लिमात नदीच्या थंड पाण्यांतून उष्णता ओढून इमारत गरम करणारा पंप बसविला गेला. आपल्या घरांतील फ्रीज हेंच काम करितो. आंतील उष्णता ओढून तो मागील बाजूस टाकितो. म्हणून त्याची पाठ गरम लागते.

कपडे वाळविण्याचें यंत्र मात्र बराच काळ या विचारापासून दूर राहिलें. अमेरिकेंत जॉर्ज सॅम्प्सन यास १८९२ सालीं अशा एका साधनाचें पेटंट मिळालें. तें चुलीच्या उष्णतेवर चालावयाचें होतें, म्हणजे आपल्या शेगडीवरच्या टोपलीचेंच भावंड म्हणावयाचें. नॉर्थ डाकोटाच्या कडाक्याच्या थंडींत बाहेर कपडे वाळत घालण्याची यातायात वांचावी म्हणून रॉस मूर यानें फिरत्या पिंपाचें यंत्र रचलें, आणि १९३८ सालीं तें ‘जून डे’ या नांवानें बाजारांत आलें. जून महिन्याचा दिवस तिकडे लख्ख उन्हाचा. आपल्याकडे त्याच नांवानें नेमकी उलटी आठवण होते! या जातीच्या यंत्रांत हवा तापवावयाची, ती कपड्यांतून नेऊन ओली करावयाची आणि घराबाहेर सोडून द्यावयाची. म्हणजे काहिलीची वाफ पुन्हां आकाशांतच. आठ किलो कपड्यांस या रीतीनें चार युनिटें किंवा त्याहून अधिक वीज लागते.

१९९७ च्या सुमारास युरोपांत उष्णतेचा पंप घरगुती वाळवणयंत्रांत प्रथम आला. त्याची रचना अशी कीं, कपड्यांतून आलेली गरम व ओली हवा बाहेर न सोडतां एका थंड नळीवरून नेतात. तेथें तिच्यांतील पाणी गळून पडतें, आणि वाफेच्या पोटांतील उष्णता नळींतल्या वायूस मिळते. तो वायु दाबला कीं तापतो. मग तीच कोरडी झालेली हवा दुसऱ्या, गरम नळीवरून नेऊन पुन्हां कपड्यांत सोडतात. हवा तीच, उष्णताही बव्हंशीं तीच. वीज खर्चावयाची ती मुख्यतः दाबण्याच्या कामापुरती. म्हणून आठ किलो कपडे सुमारें दोन युनिटांत, चांगल्या यंत्रांत त्याहूनही कमी विजेंत वाळतात. नुसती वाफ करावयासच पावणेतीन युनिटें लागतात, असें वर सांगितलें; मग त्याहून कमी विजेंत हें घडतें कसें, याचें उत्तर एवढेंच कीं, येथें उष्णता विकत घ्यावयाची नसून तीच ती फिरवावयाची आहे.

याचे लाभ स्पष्ट आहेत. वीज निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. आणि आपल्या देशांतील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशावर होत असल्यामुळें, वांचलेलें प्रत्येक युनिट म्हणजे वांचलेला कोळसा होय. यंत्राची हवा पन्नास अंशांच्या आसपासच तापते, म्हणून कापड आटत नाहीं व लवकर विरत नाहीं. भिंतीस भोंक पाडून गरम हवा बाहेर काढण्याची गरज नाहीं. स्वित्झर्लंडनें २०१२ पासून, आणि युरोपियन संघानें जुलै २०२५ पासून, नव्या विक्रींत व्यवहारतः हींच यंत्रें राहतील असे नियम केले.

तथापि दोषही तितकेच स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. पहिला दोष वेळेचा. मंद उष्णतेमुळें एका भरण्यास अडीच ते तीन तास लागतात. दुसरा, आंतील वायूचा. जुन्या यंत्रांतून वापरलेला एक वायु हवेंत सुटला, तर कार्बन डायॉक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता कोंडून धरतो. नव्या यंत्रांत प्रोपेन घालितात; तो या बाबतींत निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही, म्हणून त्याचें प्रमाण साधारणतः दीडशें ग्रॅमच्या आंत ठेवितात आणि दुरुस्ती जाणत्या माणसाकडूनच करवावी लागते. तिसरा, कपड्यांचे तंतू अडविणारी जाळी प्रत्येक वेळीं साफ केली नाहीं, तर यंत्राचा सर्व गुण नाहींसा होतो. धुणें आणि वाळविणें एकाच पेटींत करणारीं कांहीं यंत्रें उष्णतेच्या पंपावर नसून वाफ थंड करण्यासाठीं नळाचें पाणी ओततात. घेणारानें तें विचारून घ्यावें. शिवाय ज्या दिवसांत यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत वीज जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या पुष्कळ भागांतून कित्येक दिवस वीज नव्हती, हें आपण विसरलों नाहीं.

परंतु सर्वांत मोठा मुद्दा किंमतीचा आहे, आणि तो शाळेंतील त्रैराशिकानें सुटतो. साध्या यंत्रापेक्षां या यंत्रानें एका भरण्यामागें अडीच युनिटें वांचलीं, आणि युनिटास दहा रुपये धरले, तर पंचवीस रुपये वांचले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दिवसाआड यंत्र लाविलें, तर साठ भरणीं होतील. म्हणजे वर्षास दीड हजार रुपये. दोन यंत्रांच्या किंमतींत तीस हजारांचा फरक धरला, तर तो भरून यावयास वीस वर्षें पाहिजेत, आणि तेवढें आयुष्य बहुधा यंत्रासच नसतें. उरलेले आठ महिने ऊन फुकट असतांना यंत्र चालविणें हें तर दिवसां दिवा लावण्यासारखें होईल. युरोपांतील घरास हा हिशेब परवडतो, कारण तेथें यंत्र बारा महिने चालतें. तेथील नियम पाहून आपण आपल्या घराचा निर्णय केला, तर हिशेब चुकेल.

मग हें यंत्र आपल्या उपयोगाचें नाहीं काय? मला वाटतें, तें आहे. पण एकेका घराच्या मालकीचें म्हणून नव्हे. तेंच यंत्र रोज पांच भरणीं वाळवूं लागलें, तर वरच्याच हिशेबानें तीस हजारांचा फरक आठ महिन्यांत फिटतो. रोज पांच भरणीं कोठें होतात? रुग्णालयांत, वसतिगृहांत, मोठ्या गृहसंस्थेच्या सामायिक खोलींत, आणि मुख्यतः परटाच्या लाँड्रींत. ज्याचा धंदा चार महिने आभाळाच्या मर्जीवर चालत आला, त्यास पाऊस असतां वेळेवर कोरडे कपडे देतां येतील, आणि घरांतील बाईच्या माथ्यावरचा ओल्या कपड्यांचा भार उतरेल. यंत्र परटाच्या हातीं आलें तर त्याचा धंदा टिकेल. तेंच घरोघर शिरलें तर त्याच्या हातचें काम जाईल, आणि घरवाल्याचे पैसेही वसूल व्हावयाचे नाहींत. यासाठीं नगरसंस्थांनीं व सहकारी पतपेढ्यांनीं अशा यंत्रास अल्प व्याजानें कर्ज द्यावयास काय हरकत आहे?

घरापुरतें बोलावयाचें तर एक जुनी गोष्ट अद्याप खरी आहे. पाणी वाफ करून घालविण्यापेक्षां पिळून काढणें नेहमींच स्वस्त पडतें. दोघीजणी लुगड्यास पीळ देत, तें याच शहाणपणाचें काम होतें. धुलाईयंत्रांत कपडे शेवटीं अधिक वेगानें फिरविले, तर फार थोड्या विजेंत पुष्कळ पाणी निघून जातें. मग पंख्याखालीं, खिडकी उघडी ठेवून, कपडे एकमेकांस न चिकटतील असे पसरावे. एवढ्यानें भागत नसेल, तेव्हां लाँड्रींतील यंत्राकडे वळावें. ऊन पडेल त्या दिवशीं मात्र दोरीच बरी.