मुंबईची पेटी नेमकी कोणाची? शिराझ, सुरत आणि गोंदियाचा तेंदू

(१) चंदनाची एक लहानशी पेटी. झाकणावर हस्तिदंत, आबनूस, शिंग आणि कथील यांच्या इवल्याशा तुकड्यांनी साधलेली चांदण्यांची नक्षी. युरोपातील लिलावगृहांच्या याद्यांत हिला आजही 'बॉम्बे बॉक्स' म्हणतात. ही पेटी कशी घडत असे, तिला मुंबईचे नाव कसे मिळाले आणि गोंदियाच्या जंगलातून पाहिले असता त्या नावामागे काय झाकले जाते, ते या धाग्यात पाहू.

(२) या कलेचे नाव सादेली. लाकडावरील जडावाची एक रीत आपल्या परिचयाची आहे : लाकडात खाच पाडायची आणि तीत दुसरा पदार्थ ठोकून बसवायचा. उत्तर प्रदेशातील मैनपुरीची तारकशी अशीच. तेथे शिसमाच्या लाकडात पितळेची तार बसवतात. सादेलीची रीत याहून वेगळी आहे. तिची नक्षी पेटीला हात लागण्यापूर्वीच तयार झालेली असते.

(३) कारागीर प्रथम प्रत्येक पदार्थाच्या लांब, बारीक काड्या तासतो. कोणाचा छेद त्रिकोणी, कोणाचा चौकोनी. या काड्या ठरलेल्या क्रमाने सरसाने जोडून, दोऱ्याने करकचून आवळून त्यांचा जुडगा बांधतात. जुडग्याच्या टोकाकडे पाहिले की षट्कोन किंवा तारा दिसतो. सरस वाळला की जुडग्याचे आडवे, पातळ काप काढतात. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तेच वळण दिसते, तसा येथे प्रत्येक कापात तोच तारा उमटतो.

(४) हे काप लाकडी पेटीवर शेजारी शेजारी चिकटवून, घासून समतल करतात. पांढरा रंग हस्तिदंताचा, हिरवा रंगवलेल्या हस्तिदंताचा, काळा आबनुसाचा, तांबूस पतंगाच्या लाकडाचा, रुपेरी कथलाचा. सारी परीक्षा काड्या तासण्यात असते. एक काडी किंचित जाड झाली, तर तोच दोष त्या जुडग्याच्या प्रत्येक कापात उतरतो. शिवाय लाकूड, दात आणि धातू हवेनुसार सारख्या प्रमाणात आकसत वा फुगत नाहीत. त्यामुळे काम कच्चे असेल, तर काही वर्षांत तुकडे सुटू लागतात.

(५) या रीतीचे माहेर इराण. तेथे तिला खातमकारी म्हणतात. शिराझ आणि इस्फहान ही तिची प्रसिद्ध केंद्रे. सफवी राजवटीत तिला मोठा आश्रय मिळाला. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय हस्तकलांवरील ग्रंथात ही कला शिराझहून सिंधमार्गे मुंबई आणि सुरतेस पोहोचल्याची परंपरा नोंदवली आहे.

(६) सुरतेत ती रुजली, मुख्यतः पारशी कारागिरांच्या हाती. पारशी समाजातील 'पेटीगरा' हे आडनाव याच व्यवसायाची खूण होय. त्याचा अर्थच पेटी घडवणारा. पुढे सुरतेचे बंदर मागे पडले, मुंबईचे पुढे आले आणि व्यापाऱ्यांपाठोपाठ कारागीरही दक्षिणेकडे सरकले.

(७) मुंबईत या कलेला हवे ते सारे मिळत होते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंत झांझिबारमार्गे मुंबईस येई आणि तेथून पुढे युरोपास जाई. चंदन म्हैसूर आणि कानडा मुलखातून येई. गिऱ्हाईक तर दारातच होते : मायदेशी परतणारे इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात या पेट्या मांडल्या गेल्या आणि त्यांची कीर्ती आणखी पसरली.

(८) पेट्यांचे आकारही गिऱ्हाइकाच्या गरजेने ठरले. लेखनपेटी, शिवणपेटी, भेटपत्रांची डबी, चहाची पेटी, हातमोज्यांची पेटी. आरंभीच्या पेट्यांवर नक्षी मोजकी आणि मोकळी जागा पुष्कळ. पुढे नक्षीने सारी पेटी व्यापली आणि नंतर सादेलीच्या किनारीत कोरीव चंदनाच्या फळ्या बसू लागल्या. तंत्र इराणी, हात सुरतेचा, घाट इंग्रजी. नाव मात्र मुंबईचे.

(९) यात नवल काही नाही. वस्तूला पुष्कळदा ती जेथून जहाजावर चढते त्या ठिकाणाचे नाव मिळते. येमेनच्या डोंगरांतील कॉफी जगभर मोखा या बंदराच्या नावाने ओळखली गेली. नावाचा लाभ बंदराला होतो. डोंगर आणि हात नोंदीबाहेर राहतात. म्हणूनच संग्रहालयांतील अशा कित्येक पेट्यांखाली गावाचे नाव असते, कारागिराचे नसते.

(१०) आता गोंदियाकडे येऊ. नक्षीतला काळा रंग ज्या आबनुसाचा, त्याची प्रजाती वनस्पतिशास्त्रात डायोस्पायरॉस. याच प्रजातीतील एक वृक्ष आपल्या जिल्ह्यात पावलोपावली भेटतो. तो म्हणजे तेंदू. त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. यातील दुसऱ्या शब्दाचा ग्रीकमधील अर्थच 'काळे लाकूड'. जुन्या तेंदूच्या गाभ्यात आबनुसासारखे काळेभोर, जड लाकूड असते.

(११) आणि इंग्रजी व्यापारात या लाकडाचे नाव काय? 'कोरोमांडल एबनी'. वृक्ष नागझिरा-नवेगावच्या रानात, सातपुड्यात, छत्तीसगडात. नाव मात्र पूर्व किनाऱ्याचे. मुंबईच्या पेटीची कथा येथे झाडाच्या बाबतीत पुन्हा घडली आहे.

(१२) आपण स्वतः तरी तेंदूला कशासाठी ओळखतो? पानासाठी. उन्हाळा तापण्यापूर्वी झुडपे छाटतात, कोवळी पाने फुटतात, त्यांचे पुडे बांधले जातात आणि विडी वळली जाते. १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज कायद्याने या पानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. पानासाठी झुडूप हवे. काळ्या गाभ्यासाठी दीर्घ आयुष्य लाभलेला वृक्ष हवा. एका उपयोगाच्या प्रसिद्धीत दुसरा उपयोग विस्मरणात गेला.

(१३) लाखेचेही तसेच. पळस आणि कुसुम यांवर पोसलेल्या कीटकांची लाख हा गोंदियाचा जुना व्यापार. लाकूडकामाला झळाळी देणारा चपडा याच लाखेपासून बनतो. विशाखापट्टणमच्या प्रसिद्ध पेट्यांत हस्तिदंताच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यांत काळी लाख भरीत. म्हणजे देशातील उंची पेट्यांना जे काळे लाकूड आणि जी लाख लागे, त्या दोन्ही जातींचा माल आपल्या रानात होता. पण आपल्या वाट्याला 'कच्चा माल पुरवणारा मुलूख' एवढीच ओळख आली.

(१४) राजकीय नकाशाही लक्षात घ्यावा. सादेलीच्या भरभराटीच्या काळात मुंबई एका इलाख्यात होती, तर आजचा गोंदिया भंडारा जिल्ह्यासह मध्य प्रांतात. हे दोन्ही भाग एका राज्यात आले ते १९५६ मध्ये. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. महाराष्ट्राच्या हस्तकलांचा इतिहास मुंबईपासून लिहिला की पूर्व विदर्भ सहज सुटतो, त्याचे एक कारण येथे आहे.

(१५) पुढे या कलेचे काय झाले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आले. हत्तींसाठी हे आवश्यकच होते. शिराझच्या कारागिरांनी उंटाचे हाड वापरून खातमकारी चालू ठेवली. पंजाबातील होशियारपूरच्या जडावात हस्तिदंताच्या जागी प्लास्टिक आले. सुरतेत मात्र सादेली मोजक्याच हातांत उरली.

(१६) यातून एक गोष्ट दिसते. सादेलीचा प्राण हस्तिदंतात नव्हता. तो काडी अचूक तासण्याच्या हिशेबात होता. पदार्थ बदलता येतो, तो हिशेब मात्र एका पिढीत खंडला की पुस्तकातून परत येत नाही. आपण पेट्या जपल्या, त्यांना शहराचे नाव दिले. तो हिशेब जाणणाऱ्यांची नावे मात्र लिहून ठेवली नाहीत.

(१७) एक विनंती. कोणाच्या घरी अशी जुनी पेटी असल्यास ती ओल्या फडक्याने पुसू नये. पाण्याने सरस सुटतो. हस्तिदंत असल्यास तिची विक्रीही करता येत नाही. आणि संग्रहालयात अशी पेटी दिसल्यास खालच्या पाटीवर तीन गोष्टी शोधाव्यात : ती कोठे विकली गेली, कोणी घडवली आणि तिचे लाकूड कोणत्या रानातले. पहिल्याचे उत्तर बहुधा मिळते. उरलेल्या दोहोंचे शोधणे हे आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.