ब्रेक व क्लचमधील हवा काढणे

हायड्रॉलिक ब्रेक आणि क्लचच्या नळ्यांत शिरलेली हवा ब्रेक ऑइलबरोबर बाहेर काढण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘एअर काढणे’ किंवा ‘ब्लीडिंग’ म्हणतात. नाशिक परिसरात घाटांमुळे ती विशेष महत्त्वाची ठरते. मुंबईच्या वाटेवरचा कसारा घाट आणि सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरणारा घाट, दोन्हीकडे ब्रेक बराच वेळ तापत राहतात.

कार्यतत्त्व : पॅडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून ऑइलवाटे चाकांपर्यंत पोचतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. एक घन सेंमी. हवेचा बुडबुडा ५० बार दाबाखाली सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिमी. आणि पॅडलचे गुणोत्तर ४ धरले, तर एवढ्याशा हवेपोटी पॅडलची सुमारे १३ मिमी. चाल वाया जाते. म्हणून पॅडल मऊ लागते आणि दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होते. दाबून धरलेले पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या रबरांचा किंवा गळतीचा असतो. तिथे कितीही एअर काढली तरी गुण येत नाही.

हवा आणि वाफ : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४०° पर्यंत उतरला तरी चालतो. ‘डॉट ४’साठी हे आकडे २३०° व १५५° आहेत. जुने ऑइल उतारावर उकळले की नळीत वाफ होते आणि पॅडल एकदम तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर वाफ विरते, पॅडल पुन्हा ठीक लागते आणि मालक तपासणी टाळतो. ही चूक जिवावर बेतू शकते. पॅडल परत आले म्हणजे दोष गेला असे नव्हे. ऑइल बदलायलाच हवे. बरेच निर्माते दर दोन वर्षांनी बदल सुचवतात.

कृती : दोन माणसे लागतात. इंजिन बंद ठेवून एक जण पॅडलवर बसतो, दुसरा चाकापाशी. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ताजे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवतात. ‘मार, मार, धर’ अशी हाक येते. पॅडल दाबून धरले की रिंग पान्ह्याने निपल अर्धा फेरा सैल करतात, बुडबुडे निघतात, निपल आवळतात आणि मगच ‘सोड’ म्हणतात. हा क्रम चुकला, निपल उघडे असताना पॅडल वर आले, तर हवा आत ओढली जाते. मधून मधून टाकीत ऑइल भरत राहावे. जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत मारू नये : सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर रबरे घासून कापली जातात. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे हा साधा उपाय आहे. बाटलीतले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. इंजिन ऑइल तर कधीच घालू नये, त्याने रबरे फुगतात.

क्रम : मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचे डावे, असा रिवाज आहे. तिरप्या जोडणीच्या ब्रेकमध्ये काही निर्माते वेगळा क्रम देतात. त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

क्लच : हवा असल्यास क्लच पुरता सुटत नाही, गियर टाकताना कुरकुर होते, रिव्हर्सला ती आधी जाणवते. अनेक गाड्यांत ब्रेक-क्लचची टाकी एकच असते. कृती तीच, मात्र पॅडल सावकाश मारतात. हट्टी हवा असल्यास खालच्या निपलमधून ऑइल वर चढवतात.

एबीएस : मॉड्युलमध्ये हवा गेल्यास व्हॉल्व्ह उघडण्यासाठी बहुधा स्कॅनर लागतो.

इतिहास : माल्कम लॉकहीड यांचे हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट १९१७, ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक १९२१.

उत्पादन : महिंद्राच्या नाशिक कारखान्यात बोलेरो (२०००) व स्कॉर्पिओ (२००२) तयार होऊ लागल्या. अशा वाहन कारखान्यांत नळ्यांतली हवा आधी निर्वात पंपाने शोषून मग ऑइल भरण्याची पद्धत रूढ आहे.