खिडकीपलीकडचा कारकून



आपल्या श्रीपूरचा इतिहास साखरेचा आहे, तसा तो खिडक्यांचाही आहे. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले. कारखाना म्हटला की काट्याची खिडकी आली, हजेरीची आली, पगाराची आली. बाहेर उभे राहून विचारावयाचे आणि आतून उत्तर यावयाचे. कामगारांची गाऱ्हाणी घेऊन अशा खिडक्यांपुढे उभे राहण्यात माझी तीस वर्षे गेली. अलीकडे त्या एकेक करून बंद झाल्या आणि ‘ऑनलाइन पाहा’ एवढेच उत्तर मिळू लागले. तेव्हा या नव्या खिडक्या बांधतो कोण आणि कशा, हे समजून घेणे मला भाग पडले. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्याच एका सभासदाची मुलगी पुण्यात हे काम करते. तिच्यापाशी बसून जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवतो.

तिच्या व्यवसायात या खिडकीला ‘एंडपॉइंट’ म्हणतात. मोबाइलवर आपल्याला दिसते ती नुसती दर्शनी भिंत. तिच्यामागे, दूरच्या सर्व्हरवर, प्रत्येक कामाला एक पत्ता नेमलेला असतो आणि त्या पत्त्यावर कारकुनासारखा एक प्रोग्राम बसलेला असतो. ठरलेल्या नमुन्यात प्रश्न आला की तो वही उघडतो आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर देतो.

ही पद्धत आली कोठून? १९८९ साली जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची योजना मांडली. तिच्यातील देवघेवीचा नियम म्हणजे एचटीटीपी. आरंभी त्यात एकच क्रियापद होते, ‘गेट’, म्हणजे ‘दे’. तयार कागद मागावयाचा आणि घेऊन जावयाचे. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रात सीजीआय नावाची सोय निघाली आणि मागणी आली की सर्व्हर प्रोग्राम चालवून उत्तर तयार करू लागला. माझ्या मते खिडकीत कारकून बसला तो त्या दिवशी. १९९६ साली एचटीटीपी १.० ची नियमावली प्रसिद्ध झाली. तीत ‘पोस्ट’, म्हणजे ‘हे नोंदवून घे’, हेही क्रियापद होते. पुढे २००० साली रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात या साऱ्या रचनेची तत्त्वे मांडली.

या क्रियापदांत व्यवहाराचे शहाणपण भरलेले आहे. ‘गेट’ने केवळ पाहावयाचे, वहीत फेरफार करावयाचा नाही. ‘पोस्ट’ने नोंद होते; म्हणून रेंज गेली आणि तीच मागणी दुसऱ्यांदा पोहोचली, तर पाच हजारांची उचल दोनदा नावावर पडू शकते. चांगला बांधणारा प्रत्येक मागणीला पावतीसारखा क्रमांक देतो आणि तो क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद करीत नाही. आपल्या जुन्या कॅशियरांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

उत्तरासोबत एक आकडाही येतो. दोनशेचा आकडा म्हणजे काम झाले. चारशेचा म्हणजे मागणाऱ्याची चूक, पाचशेचा म्हणजे सर्व्हरची चूक. दोष कोणाचा, हे या नियमात आरंभीच विचारले आहे. आम्हा युनियनवाल्यांचे सारे आयुष्य ह्याच प्रश्नावर भांडण्यात जाते!

एक प्रसंग सांगतो. एका निवृत्त कामगाराचा फंडाचा अर्ज तीनदा परत आला. कारण, नाव जुळत नाही. नाव बिघडविले होते वीस वर्षांपूर्वी टंकणाऱ्या कोणा कारकुनाने. पण यंत्राच्या लेखी चूक अर्जदाराची. मुळात दोष पाचशेच्या जातीचा, आणि म्हाताऱ्याच्या पदरात पडला चारशेचा. ‘तुमच्याकडचे नाव चुकले आहे’ हे सांगावयाला त्या पोर्टलवर खिडकीच नव्हती. मुलीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “काका, आम्हांला जेवढ्या खिडक्यांची यादी मिळते, तेवढ्याच आम्ही बांधतो.”

ही यादी कोण करतो, याचे उदाहरण साखरेच्याच धंद्यात आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी समूहाच्या सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला जगाची माहिती गावात मिळावी असा मोठा हेतू त्यामागे होता. प्रत्यक्षात केंद्रांवर चालले ते मुख्यतः कारखान्याचेच काम : उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन, बिल. २००६ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनकेंद्रातील अभ्यासकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. ठरावीक नमुन्यात एसएमएस पाठवावयाचा आणि आपल्या खात्याची माहिती परत यावयाची. हे काही एचटीटीपी नव्हते; पण ठरलेला प्रश्न आणि ठरलेले उत्तर, ही घडण तीच. काम सोपे आणि स्वस्त झाले, आणि शेतकऱ्याची खेप वाचली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण तो ऊस तोडला कोणी? कारखान्याचा करार बहुधा वाहतूकदाराशी अथवा मुकादमाशी असतो. कोयता चालविणाऱ्या बाईचे नाव कारखान्याच्या खात्यात सहसा नसते. ‘माझी उचल किती फिटली?’ हा प्रश्न तिच्या ओठावर आहे. वहीत नाव नाही म्हणून खिडकी नाही. वजन काट्यावर नोंदले जाते, टोळी कोणती हे ठाऊक असते. यंत्राला यात अवघड असे काहीच नाही. तिचा प्रश्न यादीत घालावा असे कोणाला वाटलेले नाही, इतकेच.

जुन्या खिडकीवर हात आपटता येत असे, आणि आतल्या माणसाला मान वर करावी लागे. नव्या खिडकीवर ते जमत नाही. म्हणून भांडण आधी, यादी लिहिली जात असतानाच, केले पाहिजे. कारखाना, बाजार समिती वा सरकारी खाते नवे पोर्टल करावयास घेईल, तेव्हा त्या बैठकीत कामगारांचा एक प्रतिनिधी बसू द्या, अशी मागणी या व्यासपीठावरून मी करतो. त्याला प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालेल. लोक खिडकीशी येऊन काय विचारतात, ते त्याला पाठ असते.